रायफलीचा जन्मदाखला

अमेरिकेतील एखाद्या शाळेत, बाजारपेठेत वा प्रार्थनामंदिरात गोळीबार होऊन निरपराध माणसे बळी पडली की आपल्या पुरोगामी वर्तुळांत दोन मते हटकून ऐकावयास मिळतात. पहिले मत सौम्य मंडळींचे. त्यांचे म्हणणे असे की, अमेरिकन राज्यसंस्था सावकाश का होईना, शहाणी होत आहे. १९६८ पासून तिने विदेशी शस्त्रांच्या आयातीवर एकामागून एक निर्बंध घातले आहेत आणि याच वाटेने ती एक दिवस शस्त्रमुक्त समाजाकडे जाईल. दुसरे मत जहाल तरुणांचे. त्यांना हे निर्बंधच संशयास्पद वाटतात. श्रीमंताला पगारी रक्षक ठेवता येतात; कष्टकऱ्याला परवडेल अशी विदेशी रायफल बंदरातच अडवली जाते; तेव्हा आयातबंदी म्हणजे गरिबाला निःशस्त्र करण्याचा डाव होय, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

पहिल्या मताची कायद्यावर भाबडी श्रद्धा आहे, दुसऱ्याची शस्त्रावर. बाजाराचा विचार मात्र दोघांनीही केलेला नाही. बंदूक ही अन्य कोणत्याही वस्तूप्रमाणे कारखान्यात तयार होते, तिला किंमत असते, तिच्यावर नफा मिळतो आणि तो नफा राखण्यासाठी राज्यसंस्थेचे साहाय्य घेतले जाते, ही साधी गोष्ट ध्यानी घेतली तर अमेरिकेच्या आयातनियमांचे खरे स्वरूप उघडे पडते. एखादी रायफल किती माणसे मारू शकते, हे तो कायदा विचारीत नाही. तिचा जन्म कोठे झाला, एवढेच तो विचारतो.

वस्तू आणि तिची किंमत

ज्या शस्त्राविषयी वाद आहे ते प्रथम समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या रायफलीत प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि त्याच स्फोटातील वायूच्या दाबाने वा धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन पुढचे नळीत चढते. चाप दाबून धरल्यास गोळ्यांची सरबत्ती होते ती पूर्ण स्वयंचलित शस्त्रात. ही शस्त्रे अमेरिकेत १९३४ पासून कडक नोंदणीखाली आहेत आणि १९८६ नंतर बनलेली तर सामान्य नागरिकाला घेताच येत नाहीत. अर्धस्वयंचलित रायफल मात्र बहुतेक राज्यांत दुकानात जाऊन, पूर्वचारित्र्याची तपासणी उरकून, त्याच दिवशी विकत घेता येते.

आता ताशी वेतनावर राबणाऱ्या मजुराच्या दृष्टीने तिच्या किमतीचा हिशेब मांडू. डॉलरचे मूल्य सतत बदलते. म्हणून मोजमाप संघराज्याच्या किमान वेतनाचे घेऊ. १९६३ च्या मार्च महिन्यात शिकागोच्या एका दुकानातून टपालाने एक इटालियन लष्करी रायफल मागवली गेली. ती बोल्टची होती, दुसऱ्या महायुद्धाच्या शिलकी मालातील होती आणि दुर्बिणीसह तिची किंमत १९.९५ डॉलर होती. किमान वेतन तेव्हा ताशी १.१५ डॉलर होते. म्हणजे तिची किंमत सुमारे १७ तासांच्या मजुरीएवढी होती. त्याच रायफलीने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षी कोल्ट या अमेरिकन कंपनीने एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल नागरिकांसाठी १८९.५० डॉलरला बाजारात आणली. १.२५ डॉलर वेतनाच्या हिशेबाने तिला सुमारे १५० तास राबावे लागे.

तीस वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, चीनमधून सिमोनोव्ह पद्धतीची अर्धस्वयंचलित एसकेएस रायफल अमेरिकेत येई. मूळ सोव्हिएत आराखडा १९४५ चा, दहा गोळ्यांची बांधीव पेटी, दणकट आणि साधी यंत्रणा. तिची किंमत शंभर डॉलरच्या आत-बाहेर असे आणि किमान वेतन होते ४.२५ डॉलर, म्हणजे सुमारे २४ तासांची मजुरी, तीन दिवसांचे काम. आज तीच जुनी एसकेएस पाचशे डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवर गोठलेले आहे. त्या हिशेबाने तिला सत्तर तास वा अधिक राबावे लागते. आणि एआर-१५? कोल्टचे एकस्व १९७७ मध्ये संपले, असंख्य कंपन्या तो आराखडा बनवू लागल्या आणि साध्या बनावटीची एआर-१५ आज पाचशे डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे तीही सत्तर तासांवर आली.

हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. विदेशी रायफलीसाठी मजुराला पूर्वी १७ वा २४ तास राबावे लागे, आता सत्तर. देशी रायफलीसाठी दीडशे तास लागत, तेही आता सत्तर. परवडणारी रायफल शोधणारा अमेरिकन मजूर आज जी उचलतो ती देशी असते, यात नवल नाही. ज्याला आपले सौम्य मित्र ‘शस्त्रनियंत्रण’ म्हणतात, त्याने बाजारातील रायफली कमी झाल्या नाहीत. त्यांचा उत्पादक तेवढा बदलला.

कायद्याची जन्मकथा

हे आपोआप घडले असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांच्या शिलकी रायफली जहाजे भरभरून अमेरिकेत येऊ लागल्या आणि कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील शस्त्रकारखानदार हवालदिल झाले. कोल्ट, विंचेस्टर, स्मिथ अँड वेसन हे सारे याच पट्ट्यातले. १९५८ साली लष्करी शिलकी शस्त्रांची आयात रोखण्याचे विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले. ते मांडणारे सदस्य होते मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी! पुढे ज्या माणसाचा बळी अशाच शिलकी रायफलीने घेतला त्यानेच ती रोखण्याचा प्रयत्न पाच वर्षे आधी केला होता, हा दैवदुर्विलास खराच. पण त्या विधेयकामागची निकड मानवी जीविताची नव्हती, आपल्या राज्यातील कारखान्यांची होती. १९६० च्या दशकात शस्त्रकायद्याची धुरा वाहणारे सिनेटर थॉमस डॉड हेही कनेक्टिकटचेच प्रतिनिधी होते.

१९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची, आणि ऑक्टोबरात शस्त्रनियंत्रण कायदा संमत झाला. त्यातील काही तरतुदी चांगल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. टपालाने परराज्यातून बंदूक मागवणे त्याने बंद केले आणि गुन्हेगार ठरलेल्यांना खरेदीची मनाई केली. परंतु आयातीच्या कलमाकडे पाहा. लष्करी शिलकी शस्त्रे वर्ज्य, आणि अन्य विदेशी शस्त्र ‘क्रीडेच्या प्रयोजनास’ विशेष योग्य असेल तरच त्याला प्रवेश. देशात बनणाऱ्या शस्त्रांना मात्र क्रीडेची अट नाही! आता या दोन हत्या कोणत्या शस्त्रांनी झाल्या ते आठवावे. किंग यांना मारणारी रायफल रेमिंग्टन कंपनीची होती, रॉबर्ट केनेडींना मारणारे रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सन कंपनीचे. दोन्ही कंपन्या अस्सल अमेरिकन. गुन्हा देशी शस्त्रांनी केला आणि दाराला कुलूप लागले ते विदेशी शस्त्रांसाठी.

परिणाम लगेच दिसला. स्वस्त, आखूड विदेशी पिस्तुले बंदरात अडली, तेव्हा लॉस एंजेलिसच्या परिसरात तसलीच पिस्तुले ओतणारे कारखाने उभे राहिले. त्यांतील रेव्हन आर्म्स ही कंपनी १९७० मधली. गरीब वस्त्यांतील रक्तपात थांबला नाही. त्यावरचा नफा तेवढा परदेशी व्यापाऱ्याच्या खिशातून देशी कारखानदाराच्या खिशात गेला.

सुटे भाग मोजणारा न्याय

१९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे शाळेच्या मैदानावर एका माणसाने चिनी बनावटीच्या अर्धस्वयंचलित रायफलीने पाच मुलांना ठार मारले. ती मुले आग्नेय आशियातून आलेल्या निर्वासितांची होती. देश हादरला. अध्यक्ष थोरले बुश यांच्या सरकारने आधी तात्पुरती आणि जुलैमध्ये कायम अशी ४३ नमुन्यांच्या रायफलींवर आयातबंदी घातली. त्यांच्याइतकीच मारक देशी एआर-१५ या आदेशाच्या कक्षेत नव्हती; असूही शकत नव्हती, कारण आदेश आयातीच्या कलमाखाली निघाला होता.

मग प्रश्न आला सुट्या भागांचा. अख्खी रायफल आणता येत नसेल तर तिचे भाग आणून अमेरिकेत जोडले तर? ते रोखण्यासाठी १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३ मध्ये नियम. हा नियम वाचण्यासारखा आहे. रायफलीच्या वीस भागांची यादी करण्यात आली: सांगाडा, नळी, चाप, घोडा, दस्ता, मूठ, मॅगझिनची पेटी, तिचा तळ आणि असेच आणखी काही. जोडलेल्या रायफलीत या यादीतील विदेशी भाग दहापेक्षा अधिक असतील तर तो संघराज्याचा गुन्हा. दहा वा कमी असतील तर कायदेशीर व्यवहार. म्हणून रुमानियाहून कलाश्निकोव्ह पद्धतीची रायफल साध्या रूपात आणायची, मग व्हर्माँटमधील सेंच्युरी आर्म्सच्या कारखान्यात चाप, घोडा, मूठ असे भाग अमेरिकन बनावटीचे बसवायचे आणि मोठी पेटी लावण्याची सोय करून ती विकायची, असा रीतसर उद्योग उभा राहिला. अकरा विदेशी भागांची रायफल समाजाला घातक आणि दहा भागांची निरुपद्रवी, हे कोणत्या शास्त्रात बसते? मारल्या जाणाऱ्या माणसाला चाप ब्युखारेस्टचा होता की व्हर्माँटचा, याने काय फरक पडतो? पण फरक पडतोच: चाप बनवणाऱ्याला. प्रत्येक देशी भागामागे एक देशी बिल फाटते. अर्थशास्त्रात याला देशी घटकांची सक्ती म्हणतात. मोटारींच्या आणि यंत्रांच्या उद्योगात विकसनशील देशांनी ती लावली तेव्हा हीच अमेरिका मुक्त व्यापाराच्या नावाने गळा काढीत होती.

पुढची यादीही याच सुरात आहे. १९९४ च्या मे महिन्यात अध्यक्ष क्लिंटन यांनी चीनला व्यापारातील सवलतीचा दर्जा चालू ठेवला आणि त्याच घोषणेत चिनी बंदुका व काडतुसे मात्र वगळली. म्हणजे चिनी मजुराच्या घामाचे खेळणे चालेल, कापड चालेल, रायफल नको. १९९६ मध्ये रशियाशी करार होऊन कोणती शस्त्रे येतील याची यादी ठरली. १९९८ मध्ये आणखी ५८ नमुने वगळले. २०१४ मध्ये युक्रेनच्या प्रश्नावर कलाश्निकोव्ह उद्योगावर निर्बंध आले. त्यानंतर त्याच नावाची एक कंपनी अमेरिकेतच त्या रायफली बनवू लागली. २०२१ मध्ये रशियन काडतुसांच्या नव्या आयातीस परवाने देणे बंद झाले. यांतील काही निर्णयांना परराष्ट्रनीतीची कारणे होती, हे खरे. पण एकाही निर्णयाने देशातील एकाही कारखान्याचे एक दिवसाचेही उत्पादन थांबवले नाही.

याला अपवाद एकच, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १९९४ च्या सप्टेंबरात झालेला हल्लेखोर शस्त्रांविषयीचा कायदा देशी कारखान्यांनाही लागू होता. तो नफ्याच्या मुळाशी जाणारा होता म्हणूनच त्याला दहा वर्षांची मुदत घालण्यात आली आणि संगीन अडकवण्याची खीळ, दुमडता दस्ता, नळीच्या टोकाचा ज्वालारोधक अशा बाह्य लक्षणांवर तो बेतण्यात आला. कारखानदारांनी ती लक्षणे काढून टाकली आणि रायफल विकत राहिले. २००४ च्या सप्टेंबरात कायद्याची मुदत संपली. ती वाढवण्यात आली नाही. आयातीचे निर्बंध मात्र आजही शाबूत आहेत. जे कलम देशी भांडवलाला बोचत होते ते दहा वर्षांत मेले. जे त्याला सोयीचे होते ते पन्नास वर्षांहून अधिक काळ जगले. हितसंबंधांचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

आणि ‘क्रीडा’ या शब्दाचे पुढे काय झाले? कारखानदारांच्या संघटनेने याच एआर-१५ वर्गातील रायफलींना ‘आधुनिक क्रीडा रायफल’ असे नाव दिले. तिच्याच २०२२ च्या अंदाजानुसार अशा २ कोटी ४० लाखांहून अधिक रायफली अमेरिकेत पसरल्या आहेत. अमेरिकेतील बंदुकीने होणारे बहुसंख्य खून पिस्तुलांनी होतात, रायफलींनी नव्हे, हे आपण विसरता कामा नये. पण मुद्दा त्यानेच अधिक पक्का होतो. पिस्तुलांच्या आयातीसाठी गुणांकाची पद्धत आहे. तिच्यात बसवून ऑस्ट्रियाची ग्लॉक आली, ब्राझीलची टॉरस आली, आणि नंतर दोघींनीही जॉर्जिया राज्यात कारखाने घातले. कुंपण मालाला असते. भांडवलाला त्यातून जायला फाटक ठेवलेले असते.

कामगारांचे काय झाले?

येथे कोणी म्हणेल, ‘संरक्षणाने निदान अमेरिकन कामगाराची भाकरी तर वाचली?’ आपण संरक्षक धोरणाचे सरसकट विरोधक नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

न्यूयॉर्क राज्यातील इलियन हे गाव रेमिंग्टन कंपनीवर उभे राहिले. कंपनीची परंपरा १८१६ पर्यंत मागे जाते. २००६ मध्ये सर्बेरस या खासगी गुंतवणूक संस्थेने बुशमास्टर ही एआर-१५ बनवणारी कंपनी घेतली, २००७ मध्ये रेमिंग्टन घेतली आणि अनेक कंपन्यांची मोट बांधली. कर्ज कंपन्यांच्या डोक्यावर आले. २०१८ मध्ये रेमिंग्टनचे दिवाळे निघाले, २०२० मध्ये पुन्हा निघाले. त्या वर्षी इलियनच्या सुमारे ५८५ कामगारांना घरी बसवण्यात आले. हक्काच्या भरपाईसाठी त्यांच्या संघटनेला झगडावे लागले. नव्या मालकाने काही काळ कारखाना चालवला आणि मार्च २०२४ मध्ये तो बंद करून काम जॉर्जियात नेले, जेथे संघटना दुबळ्या आहेत. आयातीचे कुंपण या साऱ्या काळात जागच्या जागी होते. त्याने मालकाचा बाजार राखला, कामगाराची नोकरी राखली नाही.

याच कथेची दुसरी बाजू अधिक विदारक आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले. हत्यार बुशमास्टरचे होते. आणि त्या कंपनीच्या मालक संस्थेत कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचा पैसा गुंतलेला होता! शाळेत शिकवणाऱ्यांच्या म्हातारपणाची पुंजी शाळेत चाललेल्या रायफलीच्या नफ्यावर वाढत होती, आणि त्या शिक्षकांना कोणी विचारलेही नव्हते. वित्तभांडवलाचे स्वरूप समजावून सांगण्यासाठी मी आयुष्यभर वर्गात पुष्कळ उदाहरणे दिली. यापेक्षा चपखल उदाहरण मला ठाऊक नाही.

मृतांच्या कुटुंबांनी दावा लावला. पण २००५ च्या एका कायद्याने शस्त्रनिर्मात्यांना अशा दाव्यांपासून जवळजवळ अभय दिले आहे. जाहिरातीच्या मार्गाने, कनेक्टिकटच्या व्यापारविषयक कायद्याचा आधार घेऊन कुटुंबांना २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मिळाली. तीही दिवाळखोर कंपनीच्या विमेदारांकडून. मेक्सिकोने आपल्या भूमीवर वाहणाऱ्या अमेरिकन शस्त्रांबद्दल कारखानदारांना न्यायालयात खेचले, तेव्हा जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे तो दावा एकमताने फेटाळला. आत येणाऱ्या रायफलीचे वीस भाग मोजायचे आणि बाहेर जाणाऱ्या रायफलींकडे डोळेझाक करायची, असा हा व्यवहार आहे.

जहाल मित्रांना दोन शब्द

आता आपल्या जहाल मित्रांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर संघटनेने उघडपणे बंदुका बाळगून पोलिसांवर पहारा ठेवण्यास सुरुवात केली, तेव्हा भरलेली बंदूक उघड्यावर बाळगण्यास बंदी करणारा कायदा तातडीने झाला आणि त्यावर स्वाक्षरी केली रोनाल्ड रेगन यांनी. शस्त्राचे स्वातंत्र्य कोणासाठी आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले. मार्क्सने १८५० मध्ये कामगारांना शस्त्रे खाली न ठेवण्याचा सल्ला दिला होता, हेही खरे.

पण मार्क्स बोलत होता तो संघटित, स्वतःचे नेतृत्व निवडणाऱ्या कामगार-सैन्याविषयी. पाचशे डॉलर मोजून एकेकट्याने दुकानातून आणलेल्या वस्तूविषयी नव्हे. आणि संघटित शस्त्रांचाही अनुभव पाहावा. १९२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर पर्वतावर सुमारे दहा हजार सशस्त्र खाणकामगार मालकांच्या भाडोत्री फौजेशी लढले. शौर्यात ते उणे नव्हते. संघराज्याचे सैन्य आले, लढा मोडला, नेत्यांवर राजद्रोहाचे खटले भरले गेले आणि त्या भागातील संघटना दशकभर खिळखिळी झाली. खाणकामगारांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला तो १९३० च्या दशकात, संपाच्या आणि मताच्या बळावर. त्याच खाणकामगारांची संघटना पुढे इलियनच्या बंदूक-कामगारांचे प्रतिनिधित्व करीत होती. ज्या कामगारांच्या हातून दिवसाला शेकडो बंदुका जात होत्या त्यांना त्यांतील एकीनेही आपला कारखाना वाचवता आला नाही. या गोष्टीचा अर्थ आपल्या मित्रांनी शांतपणे लावावा.

अमेरिकेत आज माणसांपेक्षा बंदुका अधिक आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात त्यांची संख्या ३९ कोटी ३० लाख सांगितली होती. शस्त्राने कष्टकरी बलवान होत असता तर त्या देशातील किमान वेतन २००९ पासून जागच्या जागी राहिले नसते.

वेगळा मार्ग कोणता?

२८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. तेथील सरकार समाजवादी नव्हते. उजव्या आघाडीचे होते. तरीही त्याने राज्यांशी करार करून अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकासाठी बंद केल्या, त्या कोठेही बनलेल्या असोत. आयातही रोखली, पण आयातबंदीबरोबर मालकीवर बंदी आणली, प्रत्येक शस्त्राची नोंदणी सक्तीची केली आणि लोकांकडील सुमारे साडेसहा लाख शस्त्रे योग्य मोबदला देऊन परत घेतली. न्यूझीलंडने मार्च २०१९ मधील क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर महिन्याच्या आत तशीच पावले उचलली.

हे त्यांना जमले आणि अमेरिकेला जमत नाही, याचे कारण राष्ट्रीय स्वभावात शोधणे हा आळस आहे. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये नागरिकांना रायफली विकून जगणारा मोठा देशी उद्योगच नव्हता. तेथे आयात थांबवणे म्हणजे पुरवठा थांबवणे होते. अमेरिकेत आयात थांबवणे म्हणजे देशी कारखानदाराचा प्रतिस्पर्धी हटवणे आहे. साधन तेच, परिणाम उलटा; कारण उत्पादनाचे संबंध वेगळे.

आपल्यासाठी धडा

या साऱ्याचा आपल्याशी संबंध आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिशांनी भारतीयांना निःशस्त्र केले. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा, नियमांच्या अधीन राहून, समावेश होता. पुढे प्रजासमाजवादी पक्षात आलेले ह. वि. कामत यांनी १९४८ मध्ये तशी दुरुस्ती घटनासभेत मांडली. ती सभेने स्वीकारली नाही. तो निर्णय शहाणपणाचा होता. १९५९ च्या कायद्याने शस्त्र ही परवान्याने मिळणारी मुभा ठरली आणि लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफली प्रतिबंधित वर्गात गेल्या. सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून विदेशी बंदूक आयातही करता येत नाही. सवलत आहे ती मान्यताप्राप्त नेमबाजांना. त्यामुळे जुनी विदेशी रिव्हॉल्व्हरे मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जातात, हा कुंपणाचाच अर्थशास्त्रीय परिणाम. पण आपल्याकडे कुंपणाच्या आत मोठा नफेखोर कारखानदार नव्हता. होते ते सरकारी आयुध निर्माणींचे जाळे. म्हणून ते कुंपण तुलनेने निरुपद्रवी राहिले.

आता ही परिस्थिती पालटत आहे. २०१६ च्या नियमांनी आणि २०१७ मधील शिथिलीकरणाने खासगी कंपन्यांना लहान शस्त्रांच्या निर्मितीची वाट रुंद केली. ग्वाल्हेरजवळ इस्रायली कंपनीच्या भागीदारीत अदानी समूहाचा कारखाना उभा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या आणि खडकी, अंबरनाथ, वरणगाव येथील कामगारांनी विरोध करू नये म्हणून त्याच वर्षी संपबंदीचा कायदा आणला गेला. हे सारे ‘स्वदेशी’ आणि ‘आत्मनिर्भरता’ या नावाने. आज या कारखान्यांचे मुख्य गिऱ्हाईक सैन्य आणि पोलीस आहे. पण सैन्याची मागणी चढते आणि उतरते. यंत्रे मात्र रोज चालवावी लागतात. मागणी उतरेल त्या दिवशी भांडवल दुसरे गिऱ्हाईक शोधील. कोल्टनेही १९६४ मध्ये सैनिकी आराखड्याची रायफल शिकाऱ्यांना विकायला काढलीच होती. परवाना सैल करा, प्रतिबंधित वर्ग लहान करा, स्वसंरक्षण हा मूलभूत हक्क आहे, अशी मागणी तेव्हा सुरू होईल. आणि तिच्या कडेला विदेशी माल रोखण्याची देशभक्तिपर मागणीही असेल. दोन्ही मागण्यांचा उगम एकच असेल, हे कार्यकर्त्यांनी आजच ओळखून ठेवावे.

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध हवी. शस्त्राचा निर्णय त्याच्या मारकतेवरून झाला पाहिजे, त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे. प्राणघातक वस्तूच्या उत्पादनावर नफ्याचा अंकुश नसून समाजाचा अंकुश असला पाहिजे. आयुध निर्माणी सार्वजनिक मालकीत परत आल्या पाहिजेत आणि तेथील कामगारांचा संपाचा हक्क अबाधित राहिला पाहिजे. कोणत्याही शस्त्रनिर्मात्याला उत्तरदायित्वातून सूट देणारा कायदा या देशात होता कामा नये. आणि प्रतिबंधित वर्गातून एकही अर्धस्वयंचलित रायफल नागरी बाजारात येता कामा नये, मग तिच्यावर कोणत्याही राष्ट्राचा शिक्का असो.

अमेरिकेने अर्धशतकाहून अधिक काळ बंदरावर पहारा दिला आणि रायफली तिच्या घरातच जन्मत राहिल्या. आपण पहारा द्यायचा तो कारखान्याच्या दारावर.